बाजू अ, गाणे पहिले

मी, शेख जब्बार शेख रहीम, वय वर्षे अडुसष्ट, धंदा रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्ती व लाऊडस्पीकर, राहणार स्टेशन रोड, नांदुरा, जिल्हा बुलढाणा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नाही, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला, उजवा अर्धा चालतो. हृदयाचे काय ते अकोल्याच्या डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सांगितले, म्हणजे मला समजले.

वकील ज्ञानेश्वर खर्चे यांनी दोन पानांचा टाईप केलेला मसुदा आणून दिला होता. त्यात माझे नाव, घराचा नंबर, चारी बाजूंच्या हद्दी सगळे बरोबर होते. फक्त मी कुठे नव्हतो. म्हणून तो बाजूला ठेवून हाताने लिहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "चाचा, मृत्युपत्रात एवढं लिहीत नसतात." मी म्हणालो, "मरायचं कोणाले हाय, तुमाले का मले?" मग त्यांनी चहा घेतला.

कलम १. माझ्या मयतीचा पुकारा भोंग्यावरून करू नये. चाळीस वर्षे मी लोकांच्या लग्नांत, निवडणुकांत, उरुसांत भोंगे बांधले. त्यातल्या एका भोंग्याने काय केले ते पुढे लिहिले आहे. ज्याला यायचे तो ऐकल्याशिवायही येईल. बाकी सगळे साधे करावे.

कलम २. राहते घर आणि त्याला लागून रस्त्याच्या अंगाचे दुकान शरीयतप्रमाणे मुलगा कलीम आणि मुलगी आसमा यांचे आहे. त्यात मी बोट घालत नाही. आसमाने 'जाऊ दे, भाऊच आहे' म्हणून आपला हिस्सा सोडू नये. अशा सह्या बहिणींकडून सणाच्या दिवशी, हसतखेळत घेतात. मी दोन घरी पाहिले आहे. कलीम, वाईट वाटून घेऊ नको. तू चांगला आहेस. तुझ्या सासऱ्याचे मात्र मला सांगता येत नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी आसमा करील. शरीयतप्रमाणे मला माझ्या मर्जीने एक तृतीयांशापर्यंतच देता येते. यापुढे जे लिहीत आहे ते त्याच्या आसपासही जात नाही. रस्त्यावर मांडले तर भंगारवाला गाडी थांबवणार नाही. पण मी मृत्युपत्र करायला बसलो ते याच्यासाठीच.

कलम ३. दुकानातली हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पेचकस, हेड पुसायचा स्पिरिटचा डबा, सुट्या पट्ट्या आणि चाकांचे तीन डबे, ही माझी नात मलिहा हिला. ती कलीमची मुलगी, बुलढाण्याला कॉलेजात शिकते, आणि आमच्या घरात माझ्यानंतर तिलाच वस्तू उघडून पाहायची खोड आहे. तपासणीचा मीटर शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या अकीलला. तो त्याच्याकडेच आहे. २००९ साली 'दोन दिवसांनी देतो चाचा' म्हणून नेला. तो बक्षीस दिला असे समजावे, म्हणजे मला पाहून त्याला गल्ली बदलावी लागणार नाही.

कलम ४. कीबोर्ड, ज्याला आमच्याकडे सगळे कॅसिओच म्हणतात, तोही मलिहाला. याच्या वरच्या तीन पट्ट्या दाबल्या जात नाहीत. 'डिस्को' लिहिलेले बटण घासून पांढरे झाले आहे. त्याचे कारण तिला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

हा कीबोर्ड माझ्या चुलतभावाने १९८६ साली कुवेतहून आणला. बँड पार्टीत वाजवायचा म्हणून मी घेतला, पण बँडवाले म्हणाले, याला फुंकावे लागत नाही तर हे वाद्य कसले. मग तो दुकानात काचेच्या मागे राहिला. १९८८ च्या उन्हाळ्यात सुवार्ता सिस्टर दुकानात आल्या. सुवार्ता हिवराळे, वडनेर भोलजीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स, ख्रिस्ती. आमच्या आसमाचा जन्म त्यांच्या हातचा. वडनेर आणि आसपासच्या पाचसहा खेड्यांतली निम्मी लेकरे त्यांच्या हातची. त्या दिवशी त्यांच्या हातात शाळेची वही होती.

म्हणाल्या, "जब्बारभाई, तुमच्या या पेटीतून तबला निघते म्हणतात."

"तबला निघते, ढोल निघते, डिस्कोबी निघते."

"मंग डिस्को लावा."

वहीत त्यांनी स्वतः लिहिलेली आठ गाणी होती. देवाचीच, पण त्यांच्या प्रार्थनेच्या जागी गातात तशी नव्हेत. मी विचारले, तुमच्याकडे बाजाची पेटी आहे, ढोलकी आहे, मग हे काऊन? म्हणाल्या, "रडत गायलेलं देवानं लय ऐकलं, जब्बारभाई. एखाद्या वेळी नाचत गायलेलं ऐकवून पाहू." मला ही बाई पटली. मी त्यांच्या धर्माचा नाही, आणि त्यांनी मला कधी त्यांच्या धर्मात बोलावले नाही. आम्ही दोघे त्या पेटीपुढे बसलो आणि आठ महिने बसलो.

रविवारी त्यांची प्रार्थना झाली की दुपारी दोन ते पाच. मंडपवाल्याच्या गाद्या आणून भिंतींना लावल्या होत्या. पंखा बंद. तरी अडचण आगगाडीची. स्टेशन दोनशे पावलांवर. मेल गेली की सगळी टेप हादरायची. त्यावर उपाय रामराव सातव. हा रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. सुट्टीच्या रविवारी तो दुकानाच्या दारात उभा राहायचा. रुळांचा आवाज त्याला आमच्या आधी कळायचा. त्याने हात वर केला की मी बटण दाबून थांबवायचो, गाडी निघून गेली की तो हात खाली घ्यायचा, मग पुन्हा सुरू. मालगाडीचा नेम नसतो, म्हणून चौथ्या गाण्यात एक शिट्टी राहून गेली. सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, ती पण नांदुऱ्याचीच आहे.

माझी बायको अजीजुन्निसा मागच्या स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायची. तिला सिस्टरचे येणे आवडत नव्हते. आसमाच्या वेळी हीच सिस्टर रात्रभर उशाशी बसली होती, हे ती विसरली नव्हती, तरी आवडत नव्हते. बाईमाणसाचे मन आहे, मी कधी विचारले नाही. ती माझी चूक.

कॅसेटचे नाव ठेवले 'पेरणीची वेळ'. १९८९ च्या नाताळाला निघाली. तीनशे प्रती. त्यांच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे म्हणाले, देवाच्या नावाला डिस्को? बाकीचे लोक म्हणाले, ही तर मिशनची कॅसेट. चाळीसेक गेल्या. उरलेल्या खोक्यांत भरून माझ्या माळ्यावर गेल्या. ठरले होते की निम्म्या त्यांच्या, निम्म्या माझ्या. वाटून कधी घेतल्या नाहीत, कारण वाटून करायचे काय?

कलम ५. या कॅसेटवरच्या पहिल्या गाण्याबद्दल वेगळे लिहितो. बाजू अ, गाणे पहिले, नाव 'अकरा दिवस'. सिस्टरना एक मुलगा झाला होता, १९८५ साली. अकरा दिवस जगला. जगाची बाळंतपणे करणारी बाई, आणि तिच्या हातातून तेच गेले. नवरा त्यानंतर नगरकडे नोकरीला गेला तो परत आला नाही. त्या मुलाची जन्माची नोंद कुठे नाही, पुरला तिथे दगडही नाही. त्याचे नाव जगात एकाच जागी होते, या गाण्यात. सात वेळा येते. कीबोर्डच्या साध्या तालावर, रडण्याचा सूर न लावता, एखादी आई अंगणातून लेकराला घरात बोलावते तसे त्या ते नाव घेतात. पाच मिनिटे वीस सेकंद. ते नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही. ते लिहायचा माझा हक्क मी २००५ साली घालवला.

सिस्टरची स्वतःची एक कॅसेट होती. १९९७ साली तिची टेप यंत्रात गुंतून चुरगळली. त्या दुरुस्तीला घेऊन आल्या. मी पाहिले आणि म्हणालो, "फेका सिस्टर, ही गेली. वर खोक्यात दोनशेच्या वर पडल्या आहेत, पाहिजे तेव्हा घेऊन जा." म्हणाल्या, "राहू द्या. घेईन कधी तरी." हे बोलणे मी विसरलो. हेच माझ्या आयुष्याचे विसरणे.

कलम ६. किसनराव, मेन रोडवरच्या बियाण्याच्या दुकानाचे मालक, यांना एक कॅसेट देतो. ती दुकानाच्या दुसऱ्या फळीवर आहे, पाठीवर चिकटपट्टी लावलेली. त्यांनी ती एकटे बसून बाजू अ पहिल्यापासून ऐकावी. नंतर काय करायचे ते त्यांच्यावर. कारण पुढीलप्रमाणे.

२००५ च्या मे महिन्यात ते दुकानात आले. नवे कपाशीचे बियाणे, अळी लागतच नाही म्हणायचे. कंपनीचे नाव लिहीत नाही, तेव्हा दहा कंपन्या होत्या आणि दहाही तेच म्हणत होत्या. ऑटोवर भोंगा लावून खेडोपाडी जाहिरात फिरवायची होती. दहाबारा ऑटो, प्रत्येकाला आठवड्याला नवी कॅसेट, कारण धुळीने टेप घासते. मी म्हणालो, कोऱ्या कॅसेट अकोल्याहून मागवाव्या लागतील. किसनरावांनी मान वर करून माळा पाहिला. "ते काय हाय खोक्यात?" एक हातात घेतली, नाव वाचले. "पेरणीची वेळ! अरे जब्बार, हे तं आपल्याच कामाचं हाय. नव्या काऊन मागवतं बे?"

विकत घेतलेल्या कॅसेटवर दुसरे काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे मोडलेले असतात. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसते आणि भरू देते. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट. मी सहा दिवस बसून दोनशेच्या वर चिकटपट्ट्या लावल्या. दहा कॅसेट बाजूला काढल्या होत्या, सिस्टरच्या आणि आठवणीच्या म्हणून. सहाव्या दिवशी किसनरावांचा माणूस आला, म्हणाला अजून पाहिजेत, ऑटो उभे आहेत. त्या दहाही दिल्या. जाहिरात माझ्याच आवाजात होती, साडेपाच मिनिटांची. म्हणजे पहिले गाणे सगळे तिच्याखाली गेले, आणि जाहिरात संपते तिथे दुसरे गाणे लागते.

ऑटोवाल्यांना सांगितले होते, जाहिरात झाली की टेप मागे घ्यायची. कोण घेतो? एका हातात हँडल, दुसऱ्या हातात बिडी. माझा आवाज बियाण्याचे गुण सांगायचा, आणि लगेच कॅसिओचा ताल सुरू होऊन सुवार्ता सिस्टर गायच्या:

मूठ उघड गड्या, पेरणीची वेळ झाली,
त्याच्या हातचा एक दाणा वाया जाणार नाही.

मला वाटले, बरेच आहे, गाणे फुकट लोकांच्या कानी पडते. खरेच असे वाटले. माणूस स्वतःला किती सोयीचे वाटून घेतो!

त्या खेड्यांतल्या बायकांना तो आवाज ओळखू आला. कळा येत असताना ज्या आवाजाने 'आता जोर लाव, मी हाय' म्हटले, तो आवाज बाई विसरत नाही. त्यांना वाटले, सिस्टर सांगतात आहेत, हे बियाणे घ्या. औषध सिस्टर सांगतात, लस सिस्टर सांगतात, तसे हे. त्या वर्षी पाऊस मधेच तुटला, मग लाल्या आला, पाने तांबडी पडून बोंडे गळली. वडनेरच्या चांगुणाबाईंचे चार एकर होते. दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा घराला कुलूप लावून वीटभट्टीच्या कामाला निघाले. जाताना ती उपकेंद्रात गेली. भांडायला नाही. फक्त म्हणाली, "सिस्टर, तुमचा आवाज होता म्हून घेतलं. माह्या दोन्ही बाळंतपणाले तुमीच होत्या ना."

सिस्टरना तेव्हा समजले. तोवर त्यांनी भोंगा लांबून ऐकला होता, पण लसीकरणाच्या गडबडीत तो आपलाच आवाज आहे हे ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या नांदुऱ्याला आल्या. दुकानात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"जब्बारभाई, कॅसेट लावा."

मी लावली. जाहिरात झाली, गाणे लागले. त्यांनी ते पुरे ऐकले.

"आता पह्यलं लावा."

मी बटणावरचे बोट काढून घेतले.

"पह्यलं कुठं हाय?"

"याच्याखाली होतं, सिस्टर. पुसलं गेलं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली छत्री उचलली आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्यानंतर बारा वर्षे त्या या रस्त्याने आल्या नाहीत. प्रार्थनेत गाणेही त्यांनी सोडले, असे ऐकले. किसनरावांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अबे, गाणंच तं होतं." या वाक्यासाठी त्यांना ती कॅसेट देत आहे. पण चिकटपट्टी लावणारा हात माझा होता, हेही इथेच लिहून ठेवतो, नाहीतर मृत्युपत्र कशाला म्हणायचे?

कलम ७. दोन वर्षांपूर्वी मलिहाला माळ्यावर किसनरावांकडून परत आलेल्या तीन कॅसेट सापडल्या. तिने वायर जोडून त्या कॉम्प्युटरमध्ये घेतल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. मला विचारले नाही. विचारले असते तर नाही म्हणालो असतो. सहा महिने कोणी ऐकले नाही. मग नॉर्वे नावाच्या देशातून एका माणसाचे पत्र आले. त्याला अशी विसरलेली गाणी गोळा करायचा नाद आहे. त्याने लिहिले की असा आवाज त्याने कधी ऐकला नाही, ही बाई कोण, सुरुवातीला एक खडबडीत माणूस काय ओरडतो, आणि कव्हरवर पहिले गाणे लिहिले आहे ते कुठे आहे? त्याला याची तबकडी काढायची आहे.

मलिहा पत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "दादा, पहिलं गाणं कुठं हाय?" तोच प्रश्न, तेच दुकान. तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले, आणि त्यानंतर मी शोधायला निघालो. चाळीस कॅसेट विकल्या गेल्या होत्या ना. मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद, जिथे जिथे त्यांच्या मंडळीची घरे, तिथे गेलो. कोणी फेकली होती, कोणी मुलांना टेपच्या झिरमिळ्या करायला दिली होती. एका म्हातारबाबांनी जपून ठेवलेली दाखवली. आत दुसरेच भाषण भरलेले. एकही मिळाली नाही.

मागच्या वर्षी अजीजुन्निसा गेली. चाळिसावा झाल्यावर आसमाने आईची पेटी उघडली. तळाशी, आसमाच्या लहानपणीच्या टोपड्यात गुंडाळलेली, एक 'पेरणीची वेळ'. पाठीवर चिकटपट्टी नाही. कव्हरवर बायकोच्या हातचे उर्दू: सँभाल के रखना. जब्बार के हाथ में न देना.

मी भर दुपारी ओट्यावर बसून रडलो. मी सहा दिवस चिकटपट्ट्या लावत होतो तेव्हा ती चहा आणून ठेवायची आणि पाहत असायची. त्यातली एक तिने उचलली. सिस्टरसाठी उचलली की माझ्यापासून वाचवायला, ते आता विचारायचे कोणाला?

सदर कॅसेट मी वाजवलेली नाही. अठ्ठावीस वर्षांची टेप आहे, एकदा वाजेल, दुसऱ्यांदा तुटेलही. नवे कवच घातले, टेप दाबून धरणारा आतला फेल्टचा तुकडा बदलला, टेपरेकॉर्डरचे हेड पुसून चाके नवी बसवली. ऐकले नाही. ही कॅसेट व ते यंत्र मी सुवार्ता हिवराळे, वय साठ, सेवानिवृत्त नर्स, राहणार वडनेर भोलजी, यांना देतो. त्यावर माझ्या वारसांचा, मलिहाचा किंवा नॉर्वेच्या माणसाचा काही हक्क नाही. मी हयातीत ती घेऊन त्यांच्या दारात गेलो नाही, कारण त्या घेणार नाहीत याची भीती वाटते. मेलेल्याचे घेतात.

कलम ८. राहिलेल्या गाण्यांची तबकडी काढायची की नाही, हे सुवार्ता सिस्टर ठरवतील. त्या नाही म्हणाल्या तर मलिहाने इंटरनेटवरचेही काढून टाकावे. कुरकुर करू नये.

पुरवणी. आजच, सह्यांच्या वेळी, लिहिलेली.

साक्षीदार दोन लागतात. पहिला रामराव. दुसऱ्यासाठी मी मलिहाला वडनेरला पाठवले. 'दादांनी माफी मागितली' असे सांगू नको म्हणालो. सांग की एका कागदावर साक्ष पाहिजे. निम्म्या वडनेरच्या कागदांवर सिस्टरची साक्ष आहे. साक्षीला त्या कोणाला नाही म्हणत नाहीत. आज रविवार. प्रार्थना आटोपून दुपारी दोनला त्या दुकानात आल्या. केस पांढरे झाले आहेत. पेटीपुढे बसायच्या त्याच खुर्चीवर बसल्या.

मला वाटले होते, खाली सही करतील आणि जातील, आणि माझ्यामागे त्यांना कॅसेट मिळेल. वकीलसाहेबांनी बोट ठेवले तिथे त्यांनी सही केली नाही. चष्मा लावला. "न वाचता मी कोणाच्या कागदावर सही करत नाही," म्हणाल्या, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, असे वकीलसाहेब म्हणत राहिले. एक तास गेला. कलम सहाला त्या थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. कलम सात वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

वकीलसाहेबांनी तेव्हा कलम सात नीट पाहिले. "सिस्टर, तुमचं नाव आत आहे. ज्याला मिळायचं त्याचीच साक्ष घेतली तर उद्या कोणी बोट ठेवेल. मी दुसरा साक्षीदार आणतो."

बारा वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या. "बोलावलं सहीसाठी, आन देऊन राह्यले कॅसेट. न विचारता. हे तुमचं नेहमीचंच हाय, जब्बारभाई."

मी म्हणालो, "हाव सिस्टर."

"कॅसेट आत्ताच माह्या हातात द्या. मंग कागदात माह्यासाठी काय उरते, वकीलसाहेब?"

"काहीच नाही उरत."

"मंग मले सही करता येते."

मी दिली. त्यांनी कव्हरवरची उर्दू ओळ दाखवून मलिहाला वाचायला सांगितली. ती ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. "अजीजुन्निसा शहाणी होती," म्हणाल्या. मग कॅसेट मला परत दिली नाही. स्वतः उठून यंत्रात घातली आणि बटण दाबले.

मला अर्धेच ऐकू आले. उरलेले त्यांच्या ओठांवर पाहिले. शब्द त्यांच्या तोंडात होते, आवाज यंत्रातून येत होता, एकतीस वर्षांच्या बाईचा. मलिहाने मोबाईल हळूच पुढे धरला. सिस्टरनी तिच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा तिने तो बंद करून ओढणीखाली घेतला. तीन वेळा नाव आले. चौथ्याच्या आधी दारात उभ्या रामरावाने हात वर केला. त्याला कोणी सांगितले नव्हते. सत्तरीचा माणूस, सवयीने हात वर गेला. आणि मीही सवयीने बटण दाबून थांबवले. मालगाडी होती, लांबलचक, संपता संपेना. सिस्टरनी डोळे मिटले होते. रामरावाचा हात खाली आला. मी बटण दाबताना अल्लाहचे नाव घेतले, कारण जुनी टेप थांबवून पुन्हा चालवली की तिथेच तुटते. तुटली नाही. बाकीचे चार वेळा नाव आले आणि गाणे संपले. शेवटी, कान देऊन ऐकले तर, मागे एक भांडे पडल्याचा आवाज आहे, असे मलिहा म्हणते.

सिस्टर म्हणाल्या, "आवाज कच्चा होता माहा." मग पदराने डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

तबकडीबद्दल त्यांनी सांगितले ते त्यांच्या शब्दांत लिहितो: "हे गाणं बाहेर जाणार नाही. बाकीचं जाऊ द्या. तुमची जाहिरातबी राहू द्या, लोकांनी ऐकली तशी. माहं नाव टाका. चांगुणाले तं माहीतच हाय आवाज कोणाचा होता." चांगुणाबाई चार वर्षांपूर्वी गावी परत आली आहे. यंदा पुन्हा बोंडात अळी निघाली, उभे पीक उपटून राह्यली, असे त्यांनीच सांगितले. परवा तिच्या शेतावर जाऊन आल्या.

मी विचारले, माफ केलं का सिस्टर? म्हणाल्या, "दर रविवारी करते. सोमवारी पुन्हा राग येते." मग म्हणाल्या, "आज रविवार हाय." एवढ्यावर मी समाधानी आहे. कोणी यापेक्षा जास्त लावून सांगू नये.

म्हणून कलम सात रद्द समजावे. वस्तू हयातीतच जिच्या तिला पोचली. कलम एक ते सहा आणि आठ कायम. हे सगळे मी दोन्ही साक्षीदारांसमोर, वकीलसाहेब बसलेले असताना, समजून उमजून लिहिले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: स्टेशन रोड, नांदुरा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०१७, रविवार

लिहून ठेवणार: शेख जब्बार शेख रहीम (सही)

साक्षीदार १: रामराव सातव, निवृत्त पॉइंट्समन, नांदुरा (सही)

साक्षीदार २: सुवार्ता हिवराळे, निवृत्त नर्स, वडनेर भोलजी (सही)

(साक्षीदार क्रमांक दोन यांच्या हस्ताक्षरात)

मी हा कागद पूर्ण वाचला. यात मुलाचे नाव लिहायचे राहिले आहे. त्याचे नाव शांतवन होते.